न्यायाधीशपदाच्या उमेदवाराविषयीची बातमी कशी तपासावी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट सुनावणी घेऊन त्यावर मतदान करते. मधल्या काही आठवड्यांत उमेदवाराची जी प्रतिमा तयार होते, ती नेमणूक तहहयात असल्यामुळे पुढे कित्येक वर्षे त्या व्यक्तीला चिकटून राहते. उमेदवार स्त्री असेल, कृष्णवर्णीय असेल किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) असेल, तर तिला लावली जाणारी मापे अनेकदा निराळी असतात. हा पक्षपात उघड शिवीगाळीतून क्वचितच दिसतो. तो विशेषणांत दडलेला असतो, किंवा एकालाच विचारलेल्या आणि दुसऱ्याला न विचारलेल्या प्रश्नांत असतो, म्हणून तो शिस्तीने शोधावा लागतो.

पहिली पायरी : दोन रंगांची पेने घ्यावीत

बातमी छापून घ्यावी. निकाल, भूषवलेली पदे, शिक्षण आणि कायदेविषयक मते यांखाली निळी रेघ ओढावी. कपडे, आवाज, लग्न, मुलेबाळे, स्वभाव आणि वंश यांखाली लाल. मे २०१० मध्ये एलेना केगन यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा त्या सॉलिसिटर जनरल, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या अधिकारी होत्या. तरीही वॉल स्ट्रीट जर्नलने पहिल्या पानावर त्यांचे सॉफ्टबॉल खेळतानाचे जुने छायाचित्र छापले, आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यांचा पेहराव व त्यांची बसण्याची ढब यांवर एक अख्खा लेख आला.

मात्र लाल रेघा जास्त निघाल्या म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. त्याच वृत्तपत्राने पुरुष उमेदवाराबद्दल काय लिहिले होते, तेही काढून पाहावे. वरील पेहरावाचा लेख ज्या समीक्षिकेने लिहिला, तिनेच २००५ मध्ये जॉन रॉबर्ट्स यांच्या नामांकनावेळीही कपड्यांवर लिहिले होते. पण त्या लेखाचा रोख रॉबर्ट्स यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीच्या आणि लहान मुलांच्या कपड्यांवर होता. दोन्ही लेख शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक हाती लागत नाही.

दुसरी पायरी : विशेषण कोणी दिले, ते पाहावे

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. मे २००९ मध्ये, सोनिया सोटोमायोर यांचे नाव जाहीर होण्याच्या आधीच, द न्यू रिपब्लिकमध्ये त्यांच्याविरुद्ध लेख आला. त्या ‘फारशा हुशार नाहीत आणि न्यायासनावर दादागिरी करतात’ असे मत त्यात होते. ते मत दुसऱ्या एका न्यायाधीशाच्या माजी क्लर्कचे (न्यायाधीशाला कामात मदत करणाऱ्या कायदेपदवीधराचे) होते आणि त्याचे नाव दिलेले नव्हते. सोटोमायोर १९७६ मध्ये प्रिन्स्टनमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाल्या होत्या आणि १९९२ पासून संघीय न्यायाधीश होत्या. म्हणजे त्यांची निकालपत्रे कोणालाही वाचायला खुली होती.

दादागिरीच्या आरोपाचे काय करावे, हे त्यांचे एकेकाळचे प्राध्यापक आणि अपील न्यायालयातील सहकारी न्यायाधीश ग्विदो कॅलाब्रेसी यांनी दाखवून दिले. सोटोमायोर वकिलांना फार आक्रमकपणे प्रश्न विचारतात, अशी कुजबुज कानावर आल्यावर ते त्यांच्या प्रश्नांची नोंद ठेवू लागले. प्रश्नांचा आशय आणि सूर त्यांनी पुरुष सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्याही प्रश्नांशी ताडून पाहिला. त्यांना काहीही फरक आढळला नाही, आणि काही पुरुष वकिलांना स्त्रीने केलेली कठोर विचारणा सहन होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी जाहीरपणे सांगितला. वाचकालाही हे करता येते, कारण सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण आणि लिखित प्रती उपलब्ध असतात.

तिसरी पायरी : नाव बदलून वाक्य पुन्हा वाचावे

२०२० मधील उमेदवार एमी कोनी बॅरेट यांना सात मुले, सर्वोच्च न्यायालयाचे दिवंगत न्यायाधीश अँटोनिन स्कॅलिया यांना नऊ. ऑक्टोबर २०२० मधील सुनावणीत एका सिनेटरने बॅरेट यांना घरातले कपडे कोण धुते, असे विचारले. तो प्रश्न स्कॅलिया यांच्या नावाने मोठ्याने वाचून पाहावा. मराठी बातमी वाचतानाही ही कसोटी उपयोगी पडते : पुरुष न्यायाधीश ‘करारी’ किंवा ‘कडक शिस्तीचे’ ठरतात आणि तशाच वागणाऱ्या बाईंसाठी ‘खाष्ट’ हा शब्द सहज ओठांवर येतो.

सोटोमायोर यांच्या २००१ मधील भाषणातले ‘शहाणी लॅटिना’ हे वाक्य महिनोन्‌महिने गाजले. अनुभवसंपन्न शहाणी लॅटिना स्त्री, तसे आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा अधिक वेळा चांगल्या निष्कर्षाला येईल अशी आशा वाटते, असा त्याचा आशय होता. जानेवारी २००६ मधील सुनावणीत त्या वेळचे उमेदवार सॅम्युअल अलिटो यांनी सांगितले होते, की भेदभावाचा खटला समोर आला की आपल्याच कुटुंबातील भेदभाव सोसलेली माणसे आठवतात आणि आपण ते विचारात घेतो. दोन्ही विधाने हुबेहूब सारखी नाहीत. सोटोमायोर यांनी तुलना केली होती, त्यामुळे त्यांना त्याबद्दल विचारणे योग्यच होते. पण अनुभवाचा उल्लेख एकाच्या बाबतीत माणुसकी आणि दुसरीच्या बाबतीत पूर्वग्रह मानला जात असेल, तर वाचकाने तिथे थांबलेच पाहिजे.

चौथी पायरी : हा प्रश्न याआधी कोणाला विचारला होता?

मार्च २०२२ मध्ये फॉक्स न्यूज वाहिनीवर निवेदक टकर कार्लसन यांनी उमेदवार केतनजी ब्राउन जॅक्सन यांचे एलएसएटी या कायदा महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेतील गुण मागितले. जॅक्सन १९९६ मध्ये हार्वर्डमधून कायद्याच्या पदवीधर झालेल्या, २०१३ पासून न्यायाधीश आणि २०२१ पासून अपील न्यायालयात होत्या. पंचवीस वर्षांच्या कामाचा लेखाजोखा समोर असताना प्रवेश परीक्षेचे गुण मागणे मला अपमानास्पद वाटते. बायडेन यांनी कृष्णवर्णीय स्त्रीला नेमण्याचे आधीच जाहीर केले होते, ही टीकाही तपासून घ्यावी. रेगन यांनी १९८० मध्ये आणि ट्रम्प यांनी २०२० मध्ये स्त्री उमेदवाराचे आश्वासन दिलेच होते.

पाचवी पायरी : रास्त टीका बाजूला काढावी

न्यू हेवनच्या अग्निशामकांच्या खटल्यात सोटोमायोर यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी फिरवला. त्यावरची चर्चा कामावरची होती, तिला पक्षपात म्हणू नये. केगन यांनी कधी न्यायाधीश म्हणून काम केले नव्हते, हा मुद्दाही रास्त होता; मात्र १९७२ मध्ये रुजू झालेल्या विल्यम रेनक्विस्ट यांनीही ते केले नव्हते, हे त्याच बातमीत यायला हवे होते.

तक्रार करायची असेल, तर संपादकांना पाठवायच्या पत्रात ‘तुमचे वृत्तपत्र पक्षपाती आहे’ असे लिहू नये. दोन्ही बातम्यांच्या तारखा द्याव्यात, रेघा मारलेली कात्रणे जोडावीत, आणि खटकलेल्या एका वाक्याच्या जागी कोणते वाक्य छापता आले असते, ते लिहून द्यावे.