रोज एक चौकोन: चिठ्ठी, फासा आणि सोलापुरी चिंध्या

गोधडी शिकायला बसलेल्या नवख्या माणसाचा निम्मा वेळ 'कुठला तुकडा कुठे लावू' यातच जातो. निळ्याशेजारी मरून शोभेल का, फुलाफुलांचं कापड चौकड्याला लावावं का, हे ठरेपर्यंत शिवायचा उत्साह संपतो. म्हणून ठरवायचं काम चिठ्ठीवर आणि फाशावर सोपवायचं आणि महिनाभर रोज एक चौकोन शिवायचा. जुन्या वाकळेतही निवडीला फारसा वाव नसे. लुगडं, धोतर, सदरा, घरात जे फाटेल ते आत जायचं.

सोलापुरात कापडाची वानवा नाही. गणवेश शिवणाऱ्यांकडे आणि शिंप्यांकडे कटपीस मिळतात, पण त्यांत टेरीकॉट (सुतात पॉलिस्टर मिसळलेलं कापड) बरंच असतं. एक धागा ओढून जाळून पाहा. सुती धाग्याची राख भुरभुरीत होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं. पहिल्या महिन्यात निव्वळ सुतीच घ्या, कारण सुतीला लागणारी कडक इस्त्री टेरीकॉटवर फिरली की कापड चकाकतं आणि आक्रसतं. टॉवेलचे तुकडे नकोत, कापलेल्या कडेने त्यांचे लूप सुटत राहतात. चादरीचा तुकडा घालायचा मोह सोलापुरात प्रत्येकाला होतो. पण जकार्डची (विणीतच नक्षी असलेली) चादर जाड असते, शिवणीच्या सांध्यावर तिचे चार थर आले की १४ नंबरची सुई मोडते. ती खालच्या थरासाठी ठेवा, तिथे ती फार सुंदर बसते.

३० चौकोनांना ४४ इंच पन्ह्याच्या सुमारे २ मीटर कापडाइतके तुकडे पुरतात. नव्या लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग आधी तपासा: कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका.

मापं दोनच, पण ती मोडायची नाहीत. तयार चौकोन कापून साडेसहा इंच, म्हणजे जोडल्यावर सहा. आणि माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, सगळीकडे पाव इंच. घरच्या काळ्या मशीनच्या फूटची कड सुईपासून नेमकी पाव इंचावर असेलच असं नाही. सुईपासून मोजून मशीनवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. टीप बारीक हवी, इंचाला साधारण १२ टाके. या कामात शिवलेला तुकडा पुन्हा मधूनच कापावा लागतो. टाके मोठे असले तर कापल्या जागी शिवण उसवते.

आता चिठ्ठ्या. एका डब्यात रचनेच्या आठ: उभ्या पट्ट्या, पाचरी, वाकडी चौकट, काप-पट्टी, त्रिकोण, गोलाई, बारीक तुकड्यांची जोड आणि 'कालचंच पुन्हा'. दुसऱ्या डब्यात रंग. पहिला फासा कापडं किती ते सांगतो. १ पडला तर एकच कापड सुलटं-उलटं वापरायचं. दुसरा फासा अडथळ्याचा: १ किंवा २ ला काही नाही, ३ ला पट्टी न लावता नुसत्या कात्रीने कापायचं, ४ ला कालचा उरलेला तुकडा वापरायचाच, ५ ला शिवलेला चौकोन मधून कापून एक अर्धा फिरवून जोडायचा, ६ ला सगळ्यात गडद तुकडा कडेला आणायचा. ५ पडला तर चौकोन आधी साडेसात इंचांपर्यंत वाढवा, नाहीतर फिरवल्यावर तो अपुरा पडतो. फासा दुसऱ्यांदा टाकायचा नाही. ती सवय लागली की आठवड्याभरात सगळे चौकोन आवडत्या रंगांचे होतात.

घरात सारीपाटाच्या कवड्या असतील तर सुरुवातीला पहिल्या फाशाऐवजी त्याच घ्या. सहा कवड्या टाकून उताण्या मोजल्या की तीनच्या आसपासचे आकडे वारंवार येतात, शून्य आणि सहा क्वचित. सहा इंचांत सहा कापडं बसवणं नव्या हाताला जड जातं.

काप-पट्टीपासून शिकायला लागावं, कारण त्यात मायेचं गणित डोळ्यांसमोर उभं राहतं. सात इंचांचा चौकोन तिरका कापा. त्या कापाच्या दोन्ही कडांची माया मिळून अर्धा इंच जातो. मध्ये एक इंच रुंद पट्टी शिवली की ती अर्धा इंच उरते, म्हणजे माप जिथल्या तिथे. दीड इंचाची पट्टी घातली तर चौकोन अर्धा इंच वाढतो. पट्टी कापापेक्षा किमान एक इंच लांब घ्या. तिरक्या कापात दोन्ही अर्धे थोडे सरकतात आणि बरोबर मापाची पट्टी टोकाला तोकडी पडते.

वाकड्या चौकटीत मधला तुकडा दीड-दोन इंचांचा, मुद्दाम वेडावाकडा. भोवती एकेक पट्टी शिवा, इस्त्री करा, कड तिरकी कापा, मग पुढची. शेवटच्या फेरीची पट्टी सगळ्यात अरुंद जागीही पाऊण इंच उरली पाहिजे, नाहीतर जोडताना ती मायेत नाहीशी होते. गोलाईला दोन्ही कापडं सुलटी, एकावर एक ठेवून एकाच कापात उथळ वळण घ्या.

चौकोनाच्या कडा लाटांसारख्या वरखाली झाल्या तर समजा, कडेला उरेब (धाग्याला तिरकं कापलेलं कापड) आली आहे. उरेब कड ओढली की ताणते आणि परत येत नाही. तुकडे कापण्याआधी कापडाला पातळ खळ द्या आणि शेवटच्या पट्ट्या उभ्या धाग्यावर कापा. इस्त्री घासू नका. उचलून ठेवा, दाबा. खूप सांधे एका जागी आले तर माया एका बाजूला न पाडता उघडून दाबा, नाहीतर गोधडीचा धावदोरा घालताना हातातली सुई तिथे अडते. चौकोन सव्वासहाच इंच झाला तर ओढून माप साधू नका. एका कडेला एक इंचाची पट्टी लावून पुन्हा कापा.

सुरुवात जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास केली तर उन्हाळ्याआधी काम उरकतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी इस्त्रीपाशी उभं राहवत नाही. रोजची ४० मिनिटं धरा. वहीत तारीख, चिठ्ठी, फासे, लागलेला वेळ आणि काय चुकलं ते एका ओळीत लिहा. फॅशन डिझाइनच्या प्रवेशासाठी किंवा बुटीकमध्ये काम मागताना हीच वही आणि फोटो दाखवा, फसलेल्या चौकोनांसकट. आणि ऑर्डर घ्याल तेव्हा ३० चौकोनांचे २० तास आधी मोजा. जोडणं, धावदोरा आणि गोट (कडेला दुमडून लावायची पट्टी) त्याहून वेगळे. नवे लोक कापडाची किंमत लावतात आणि तास विसरतात.

पाच-पाच चौकोनांच्या सहा ओळी केल्या की ३० बाय ३६ इंच होतात. भोवती अडीच इंच रुंद कापलेली पट्टी लावली की ३४ बाय ४०, बाळाच्या दुपट्याचं माप. चौकोनांच्या मागे १ ते ३० आकडे लिहा आणि मांडणीही चिठ्ठ्या काढूनच करा. दोन जाड सांधे समोरासमोर आले तर त्यातला एक चौकोन पाव फेरा फिरवायला हरकत नाही.