कुत्र्याला घेऊन हिवाळ्यात कोकणात जाताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की दापोली, गुहागर, तारकर्लीकडे निघालेल्या गाड्यांच्या मागच्या सीटवर हल्ली कुत्रीही दिसू लागली आहेत, आणि घरातल्या या सोबत्याला कोणाच्या तरी भरवशावर मागे न ठेवता बरोबर नेले जाते याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र गेली काही वर्षे दर हिवाळ्यात माझ्या कुत्रीसह कोकणातल्या खेड्यांत राहिल्यावर असे लक्षात आले आहे की, बहुतेक अडचणींचे मूळ एकाच समजुतीत असते. हिवाळ्यातला किनारा थंड आणि मोकळा असतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो थंडही नसतो आणि मोकळा तर मुळीच नसतो.

थंडीचा भरवसा

किनारपट्टीवर पहाटे हवेत गारवा असला तरी जानेवारीतही दुपारी पारा सहज तिशी ओलांडतो. दाट केसांची किंवा चपट्या नाकाची कुत्री अशा उन्हात धावली तर त्यांना उष्माघात होऊ शकतो. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, अशा दोनच वेळा किनाऱ्यासाठी ठेवाव्यात. कोरड्या वाळूवर तळहात टेकवून पाहावा. आपल्याला तो काही सेकंदही टेकवता येत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही ती वाळू सोसणार नाही. जेवायला थांबताना बंद गाडीत कुत्र्याला ठेवणे हिवाळ्यातही जिवावर बेतते.

घाट उतरण्याआधी भरपेट खाणे

ताम्हिणी, वरंधा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणांवर उलटी करणारे कुत्रे बहुधा निघताना पोटभर जेवलेले असते. प्रवासाच्या तीन-चार तास आधी त्याचे खाणे थांबवावे, पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. वाटेत थांबल्यावर गाडीचे दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात असला पाहिजे.

‘कुत्रा चालेल का?’ एवढेच विचारणे

फोनवर होकार मिळाला म्हणजे सोय झाली, असे नव्हे. यजमानांच्या कोंबड्या, मांजरे किंवा स्वतःचे कुत्रे आहे का, आवाराला कुंपण आहे का आणि रात्री आपल्या कुत्र्याला खोलीत झोपू देतील का, हे आधी विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कोकणातल्या वाड्यांच्या आसपास बिबट्यांचा वावर असतो आणि अंगणात किंवा पडवीत बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. अंधार पडल्यावर त्याला मोकळे सोडू नये, जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या कुंपणाच्या भिंतीत, तोंड खुपसू देऊ नये. फुरसे हा विषारी साप अशाच फटींत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. सर्पदंशाची शंका आली तर दंशाच्या जागी चिरा देत किंवा दोरी आवळत वेळ घालवू नये, कुत्र्याला चालवू नये, उचलून थेट पशुवैद्याकडे न्यावे. यासाठी मुक्कामाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे आणि कोणत्या वेळेत उघडा असतो, हे निघण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे.

पाणी बरोबर न नेणे

किनाऱ्यावरची ही सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेले कुत्रे ते पाणी पिते, आणि लाटांतून चेंडू आणणाऱ्या कुत्र्याच्या पोटात तर ते प्रत्येक फेरीत जात असते. आधी जुलाब, उलट्या होतात. क्षार बरेच वाढले तर तोल जातो, झटके येतात. म्हणून गोडे पाणी आणि वाटी सोबत न्यावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून पाणी पाजावे. जुलाब सौम्य असतील तर सावलीत विसावा आणि थोडे थोडे पाणी पुरते. झोकांड्या जाऊ लागल्या तर एकदम खूप पाणी न पाजता डॉक्टर गाठावा.

वाळूचेही तसेच आहे. ओला चेंडू कोरड्या वाळूत फेकला की कुत्रे चेंडूबरोबर वाळूही गिळते आणि ती आतड्यात साचून वाट अडवू शकते. पोट दुखरे होणे, सारख्या उलट्या आणि शौचाला न होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करत बसू नये. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते तेथे वाळूत टाकून दिलेले मासे पडलेले असतात. त्यांत केंड असेल तर त्यातले विष कुत्र्याचा जीव घेऊ शकते. शिवाय गळ आणि जाळ्यांचे तुकडे असतातच. रापणीच्या वेळी पट्टा सोडायचाच नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. तेथे माणसे पोटासाठी राबत असतात, त्यांच्या मासळीत आपले कुत्रे घुसणे हा त्यांचा अपमान आहे.

पहाटेचा किनारा आपलाच समजणे

वेळास, आंजर्ले, गुहागर आणि दक्षिणेला वायंगणी येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. वेळासला २००२ पासून संवर्धनाचे काम चालू आहे. कासवमित्र पहाटे किनारा पायी तुडवतात, मादीच्या येण्या-जाण्याच्या खुणांवरून घरटे शोधतात आणि अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित हलवतात. त्यांच्या आधी मोकळे कुत्रे तेथे धावले तर त्या खुणा विस्कटतात, आणि कुत्र्याच्या नाकाला घरटे सापडले तर ते उकरायला त्याला फार वेळ लागत नाही. यात कुत्र्याचा दोष नाही, म्हणूनच जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. कासवमित्रांची फेरी केव्हा संपते हे गावात विचारावे आणि त्यानंतरच, तेही पट्ट्यासह, किनाऱ्यावर उतरावे. दूरवरून हिवाळ्यासाठी आलेल्या कुरवांच्या थव्यावर कुत्रे सोडून छायाचित्र काढण्याचा मोहही आवरावा. त्या पक्ष्यांना विश्रांतीची खरी गरज असते.

गावातल्या कुत्र्यांचीही किनाऱ्यावर हद्द असते. त्यांना बिस्किटे टाकली की ती मागे लागतात आणि भांडणे होतात. शांतपणे वाट बदलणे उत्तम. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि आधी लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवावे.

परतल्यावर निर्धास्त होणे

गवतातून, वाडीतून फिरताना गोचिडी चिकटतात. निघण्यापूर्वी पशुवैद्याला विचारून औषध द्यावे. मानेवर घालायच्या औषधाचा परिणाम रोजच्या समुद्रस्नानाने कमी होऊ शकतो, तेव्हा पोहण्याचा बेत त्यांना आधी सांगावा. रोज संध्याकाळी कान, बोटांमधल्या फटी, काखा आणि गळपट्ट्याखालची जागा तपासावी. रॉकेल लावणे किंवा चटका देणे टाळावे. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात २०१६ मध्ये माणसांमध्ये गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती, त्यामुळे जंगलालगत फिरल्यावर स्वतःचे अंगही तपासावे. गोचिडाचा ताप लगेच दिसत नाही. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याने खाणे सोडले, हिरड्या फिकट झाल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी आणि कुत्रे कोकणात जाऊन आले आहे, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.