नाशिकहून परंबिकुलमच्या जंगलात जाताना

परंबिकुलम व्याघ्र प्रकल्प केरळच्या पालक्काड जिल्ह्यात असला, तरी तिथे पोहोचणारा मोटाररस्ता तमिळनाडूतील पोल्लाची, सेतुमडै आणि टॉपस्लिपवरून जातो. वाटेत दोन्ही राज्यांच्या वनविभागांचे नाके लागतात. दोन्हीकडे नोंद करून शुल्क भरावे लागते आणि संध्याकाळनंतर हा रस्ता वाहनांना बंद होतो. त्यामुळे नाशिककरांनी लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कोइंबतूर एक्सप्रेस कल्याणला धरावी, कोइंबतूरच्या उक्कडम स्थानकावरून पोल्लाचीची बस घ्यावी, रात्री तिथेच मुक्काम करावा आणि सकाळी लवकर निघावे.

दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह होतो. पण आपल्याकडे पाऊस संपला तरी या डोंगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस पडतो आणि पायवाटांवर जळवा असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तरीही जळू चिकटलीच, तर ती ओढून काढू नये. तिच्या तोंडापाशी नख सरकवून अलगद सोडवावी, जखम धुवावी आणि थोडा वेळ दाबून धरावी. रक्त काही वेळ वाहत राहते, त्याने घाबरून जाऊ नये.

एका दिवसात परतण्याचा बेत करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वनविभागाच्या निवासात किमान एक रात्र आधीच आरक्षित करावी, कारण गवे आणि सांबर उघड्यावर दिसतात ते मुख्यतः पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास. नांदूरमध्यमेश्वरच्या मोकळ्या पाण्यावर दुर्बीण लावण्याची सवय असलेल्यांना या दाट झाडीत सुरुवातीला काहीच दिसत नाही. इथे आधी कान वापरावे लागतात. महाधनेश डोक्यावरून जातो तेव्हा लोहाराचा भाता चालावा तसा त्याच्या पंखांचा आवाज येतो, आणि तो ऐकूनच मान वर करायची असते. सोबतचा वाटाड्या कादर किंवा मलसर समाजातला असेल, तर तो थांबला की आपणही थांबावे, बोलणे बंद करावे. हत्तीची चाहूल आपल्याआधी त्यालाच लागते. कपडे मातकट रंगाचे असावेत, अत्तर लावू नये, प्लास्टिकच्या पिशव्या सोबत नेऊच नयेत.

तुनकडवूजवळचा कन्निमारा साग मात्र चुकवू नये. त्याला 1994-95 मध्ये महावृक्ष पुरस्कार मिळाला आहे. पेठ-सुरगाण्याचे साग पाहत वाढलेल्या माणसालाही साडेसहा मीटरहून अधिक घेराचा हा बुंधा ओळखीचा वाटत नाही, चार-पाच जणांनी हात धरले तर कुठे तो कवेत येतो. ब्रिटिश काळात याच डोंगररांगेतील सागाचे ओंडके उतारावरून खाली घसरवले जात आणि त्यावरूनच टॉपस्लिपचे नाव पडले. ते ऐकून या झाडाकडे पुन्हा एकदा पाहावे. परतताना घाटात गवा आडवा आला तर हॉर्न न वाजवता तो जाईपर्यंत थांबावे लागते, म्हणून नाका बंद होण्याच्या वेळेपूर्वी किमान दोन तास हाताशी ठेवून निघावे.