ग्राफिक्स कार्ड स्वस्त झालंय, म्हणून बदलायचं का?

भाव पडायला लागले की माझ्या फोनवर स्क्रीनशॉटांची रांग लागते. कार्डाचा फोटो, काट मारलेली जुनी किंमत, खाली नवी किंमत आणि पुढे एकच शब्द: "घेऊ?" मित्रमंडळींत आणि भाचेमंडळींत कॉम्प्युटर जोडून देणारा मीच, त्यामुळे हे ठरलेलंच. मी उलट तीन गोष्टी विचारतो. सध्या कार्ड कोणतं आहे, मॉनिटर कोणता आहे आणि नेमका कोणता गेम अडतोय? पहिल्या दोन्हींची उत्तरं पटकन येतात. तिसऱ्याला बरेच जण गप्प होतात. तुम्हालाही नाव सांगता येत नसेल, तर कार्ड कितीही स्वस्त असो, ते आत्ता तुमच्यासाठी नाही. सांगता येत असेल तर पुढे वाचा.

भाव पडतात ते विक्रेत्यांकडे न खपलेला माल तुंबला की. आधी हा माल तुंबतो कसा ते सांगतो, कारण थांबायचं की नाही हे त्यावरूनच कळतं. गेल्या काही वर्षांत असं ठळकपणे दोनदा झालं. २०१८मध्ये क्रिप्टोचे भाव कोसळले, मायनिंग करणाऱ्यांची, म्हणजे कार्डांवर क्रिप्टोची नाणी काढणाऱ्यांची, खरेदी थांबली आणि कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाची मधल्या किमतीची, पास्कल पिढीतली कार्डं विक्रेत्यांकडे पडून राहिली. दुसऱ्यांदा २०२२मध्ये. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टो-चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम काढणं त्याच दिवशी संपलं. ज्यांनी रॅकवर डझनांनी कार्डं लावली होती, त्यांना ती विकायला काढावी लागली. घसरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. जुलै २०२२अखेरच्या तिमाहीत एनव्हिडियाचं गेमिंगचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा ३३ टक्क्यांनी घटून २.०४ अब्ज डॉलरवर आलं होतं. तेव्हा कंपनीने गुंतवणूकदारांना उघड सांगितलं की साठा खपेपर्यंत आम्ही विक्रेत्यांकडे माल कमीच पाठवू.

म्हणजे "अजून थांबलो तर अजून पडेल" हे गणित एका मर्यादेपर्यंतच चालतं. नळ कंपनीच्या हातात असतो. नवी पिढी आली की जुनी कवडीमोलाने जाईल, ही आशाही तेव्हा फळली नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड सप्टेंबर २०२०मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालं होतं, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये त्याच्या जागी आलेलं ४०८० थेट ११९९ डॉलरला. वर एवढी किंमत लागल्यावर खालच्या जुन्या मालाचा भाव कशाला पडेल? याउलट आरटीएक्स ३०९० टीआय मार्च २०२२मध्ये १९९९ डॉलरला आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ११०० डॉलरच्या आसपास मिळू लागलं. जिथे किंमत मुळातच फुगवलेली होती, तिथे ती जोरात खाली आली. ३०९० टीआय जवळजवळ अर्ध्या किमतीला मिळालं म्हणून खूश झालेल्या माणसाने निम्मे पैसे वाचवले असं मी म्हणणार नाही. ती पहिली किंमत कधी खरी नव्हतीच. म्हणून काट मारलेल्या आकड्याकडे बघायचंच नाही. त्याच पैशात आज दुसरं कोणतं कार्ड येतं, एवढंच बघायचं.

अडतंय कोण?

हे मोजायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर, ही दोन फुकट सॉफ्टवेअरं टाका. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डावरच्या चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले काम करणारे भाग) वेगवेगळे आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, तयार व्हायला लागणारा वेळ), एवढं दिसेल असं करा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. मग जो गेम अडतो तोच, आणि जिथे अडतो तिथेच खेळा. मेनूत उभं राहून घेतलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड दमलंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि तरी फ्रेम कमी पडत असतील, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. इथे एक गफलत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर पस्तीस-चाळीस टक्केच दिसतो, आणि लोक म्हणतात प्रोसेसर तर निवांत आहे. प्रत्यक्षात गेमचं मुख्य काम एका-दोन कोअरवर अडकलेलं असतं आणि ते कोअर काठोकाठ भरलेले असतात. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८०पीवरून ७२०पीवर आणा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या हलल्या नाहीत तर नवं कार्ड टाकूनही हलणार नाहीत.

माझ्या एका भाच्याचं हेच झालं. शहरं वसवायचा गेम, शहर मोठं झालं की सगळं अडखळायचं. ७२०पीवर आणलं तरी आकडा तोच. "पण मामा, कार्ड केवढं स्वस्त मिळतंय!" हे त्याचं पालुपद चालूच होतं. त्याच्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरच्या जागी, त्याच बी४५० मदरबोर्डावर बायॉस (बोर्डात किंवा कार्डात मुळातच असलेलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, रायझन ५ ५६०० बसवला. कार्ड जुनंच राहिलं, गेम सुरळीत चालला. रॅमची एकच पट्टी असेल तर तीही आधी बघा. दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल होतं, म्हणजे मेमरी दोन वाटांनी चालते, आणि प्रोसेसर अडवत असलेल्या गेममध्ये त्याचा फरक स्पष्ट जाणवतो.

किती मोठी उडी हवी

अडचण कार्डाचीच निघाली असं धरू. आता नवं कार्ड किती पुढचं हवं? फ्रेमच्या आकड्यांनी इथे फसगत होते, म्हणून मी मिलिसेकंदांत मोजतो. सेकंदाला ३० फ्रेमवरून ६०वर गेलात तर प्रत्येक फ्रेमचा वेळ ३३.३वरून १६.७ मिलिसेकंदांवर येतो. हे आंधळ्यालाही दिसेल. ६०वरून ७५वर गेलात तर वाचतात जेमतेम ३.३ मिलिसेकंद. १००वरून १४४वर जाताना आकडा ४४ने वाढतो, पण वाचतात तीनच मिलिसेकंद. माझी अट साधी आहे: तुमच्या रिझोल्यूशनवर, तुमच्याच गेममध्ये किमान दीडपट. त्याखाली असेल तर एखादं सेटिंग एक पायरी खाली आणा. सावल्यांची प्रत 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणलेली खेळताना कोणाच्या लक्षात येत असेल, तर त्याचं लक्ष खेळात नाही.

कार्डाच्या नावातला आकडा एक हजाराने वाढला म्हणजे उडी मोठी, असं नसतं. आरटीएक्स ३०६० आणि ४०६० शेजारी ठेवा. १०८०पीवर ४०६० साधारण वीस टक्क्यांनीच पुढे आहे. वीज मात्र कमी खातं, १७० वॉटऐवजी ११५. पण मेमरी १२ जीबीवरून ८वर आली आणि बस (मेमरीची वाट) १९२ बिटवरून १२८वर. ३०६० असलेल्याने ४०६० घेणं मला तरी कळत नाही.

मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर ६०च्या वरच्या फ्रेम त्याच्यावर तुम्हाला दिसणारच नाहीत. मी स्वतः जीटीएक्स १०७०वर बराच काळ काढला तो याच कारणाने. १०८०पी, ६० हर्ट्झ, तक्रार काहीच नव्हती. १४४०पीचा मॉनिटर टेबलावर आला तेव्हा कार्डाचा प्रश्न खरा झाला. १४४०पीमध्ये १०८०पीच्या पावणेदोन पटींहून थोडे जास्त पिक्सेल असतात, ४केमध्ये चौपट. त्यामुळे मॉनिटर आधी ठरवा, कार्ड त्याच्या मागून.

व्हीरॅम वेगळी तपासा. ती कमी पडते तेव्हा सरासरी फ्रेम ठीकच दिसतात, पण मध्येच झटका बसतो, किंवा भिंतींवरचं पोत क्षणभर चिखलासारखं दिसून मग स्पष्ट होतं. टेक्स्चर (पोताचं सेटिंग) एक पायरी खाली आणल्यावर झटके गेले, तर दुखणं सापडलं. १४४०पीसाठी ८ जीबीचं कार्ड मी आता कोणाला सुचवत नाही, मग ते किती का वेगवान असेना. आरटीएक्स ३०७०ला ८ जीबी आणि त्याच्या धाकट्या ३०६०ला १२ जीबी, हा विनोद एनव्हिडियाने स्वतःच करून ठेवलाय.

घरातल्या कॅबिनेटला झेपेल का

वरच्या टोकाची कार्डं जोरात उतरतात आणि मोह तिथेच होतो, म्हणून हे लिहितोय. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट देतो, सहा पिनची केबल ७५, आठ पिनची १५०. आरटीएक्स ३०८० एकटं ३२० वॉट मागतं आणि एनव्हिडिया त्याला ७५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. शिवाय काही मिलिसेकंदांपुरते त्याहून बरेच मोठे झटके घेतं, आणि जुना पॉवर सप्लाय त्याच क्षणी पीसी बंद करतो. नवा सप्लाय लागणार असेल तर त्याचे पैसे कार्डाच्या किमतीत मिळवा आणि मग सांगा स्वस्त पडलं का. कॅबिनेटमधली लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, पुढचे पंखे धरून.

जुन्या बोर्डवाल्यांसाठी आणखी एक. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआय-एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत, त्यामुळे तिच्या जुन्या ३.० आवृत्तीच्या बोर्डावर ते स्पष्टपणे मागे पडतं. इंटेलचं आर्क घेणार असाल तर बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवंच, नाहीतर त्या कार्डाचा बराचसा दम वाया जातो.

हिशेब दोन्ही बाजूंनी

माल तुंबतो तेव्हा फक्त नव्या कार्डाचा भाव पडत नाही, तुमच्याकडच्या जुन्याचाही पडतो. खरी किंमत म्हणजे नव्याला द्यायचे पैसे वजा जुन्याचे येणारे पैसे. भाव उतरत असताना मी ही रक्कम दर आठवड्याला वहीत टाकतो. ती घटत असेल तर थांबतो. नव्याची किंमत स्थिर झाली आणि जुन्याचा भाव मात्र घसरतच राहिला, की थांबण्यात नुकसान सुरू झालं. आणि पडझड कायमची नसते. २०१८-१९मध्ये कार्डं पडून होती, २०२१मध्ये कार्डं जाहीर किमतीच्या दुपटीने शोधावी लागत होती. गरज पक्की असेल आणि हव्या त्या कार्डाचा भाव तुमच्या ठरवलेल्या रकमेवर आला असेल, तर तळ शोधत बसू नका.

वापरलेलं घेताना

मायनिंगवर चाललेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, हे मला पटत नाही. मायनिंगवाले बहुधा चिपची वीज कमी करून चालवतात, तापमान दिवसरात्र एकसारखं राहतं. झिजतात ते पंखे, आणि सुकतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारे मऊ तुकडे), कारण सगळा जोर मेमरीवर असतो. आरटीएक्स ३०९०मध्ये तर अर्ध्या मेमरी चिप पाठीमागच्या बाजूला आहेत, तिथे वारा पोचत नाही. पॅडच्या कडेला तेलकट ओघळ दिसला तर घाबरू नका, ते सिलिकॉनचं तेल असतं. पोर्टांवर किंवा त्यांच्याभोवतीच्या धातूच्या पट्टीवर गंज दिसला तर मात्र उठा.

चालू करून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा: नकली बायॉस टाकलेल्या बऱ्याच कार्डांच्या नावापुढे ते स्वतःच 'फेक' असं लिहून दाखवतं. कोअरांची संख्या बघा. जीटीएक्स १०६०च्या ३ जीबीवाल्यात ११५२ कोअर आहेत, ६ जीबीवाल्यात १२८०. आरएक्स ५८०च्या नावाखाली २०४८ कोअरवालं कार्डही विकलं जातं. खऱ्यात २३०४ असतात. आरएक्स ५७० आणि ५८०वर मायनिंगसाठी बदललेलं बायॉस सर्रास असतं, ते गेममध्ये त्रास देतं, पण मूळ बायॉस परत टाकता येतं.

मग पंधरा-वीस मिनिटं जड गेम चालवा आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये दोन आकडे बघा. हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) आणि जीपीयूचं तापमान यांत तीस अंशांच्या आसपास फरक असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट सुकली आहे. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी ११० अंशांजवळ पोचली तर कार्ड स्वतःचा वेग कमी करतं, तेव्हा पॅड बदलावे लागतील. दोन्ही कामं घरी होतात, आणि दोन्हींच्या नावाने भाव कमी करून मागता येतो. पंखे शंभर टक्क्यांवर नेऊन कान द्या. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकटी चमकल्या तर कोणत्याही भावाला नको. वॉरंटी अनुक्रमांकावर चालते की पहिल्या खरेदीदाराच्या बिलावर, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून बिल मागून घ्याच.

बसवताना: एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर जुने ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरने विंडोजच्या सेफ मोडमध्ये काढा. दोन आठ-पिन सॉकेट असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका. नवं कार्ड तुमच्या त्या अडणाऱ्या गेमवर दोन-चार संध्याकाळी नीट चाललं, की मगच जुनं विकायला काढा. खोका आणि अँटिस्टॅटिक पिशवी परत करायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर.