दोलनाच्या गणितात या चुका टाळा, आधी मोजायचं कुठून ते ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमला असतात आणि फर्स्ट पीयूसीला, म्हणजे अकरावीला, ऑसिलेशन्सचा म्हणजे दोलनाचा चॅप्टर एकदम इंग्लिशमधून समोर येतो, मग मार्क गेले की सगळं खापर इंग्लिशवर. खरं अडतंय दुसरीकडंच. विस्थापन कुठून मोजायचं हे ठरवायच्या आधीच फॉर्म्युल्यात आकडे घालायला सुरुवात होते.

बस खानापूरहून बेळगावला गेली आणि परत आली तर अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, विस्थापन शून्य, हे कुणालाही येतंय. तिथं आपण निघालो तिथून मोजतो. दोलनात तसं नाही, तिथं मोजायचं मधल्या, म्हणजे समतोल बिंदूपासून. पंचमीचा झोका एक मीटर मागं ओढून धरलाय, अजून सोडला पण नाही, तर विस्थापन किती? निम्मा वर्ग शून्य म्हणतो. अहो, तिथं तर ते सगळ्यात जास्त आहे, म्हणजे आयामाएवढं (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर)! म्हणूनच टोकापासून सुरुवात असेल तर कॉस घ्या, मधून असेल तर साइन. वेग टोकाला शून्य आणि मध्ये जास्तीत जास्त, त्वरण बरोबर उलटं, आणि ते कायम मध्याकडं ओढतं म्हणून समीकरणात तो मायनस असतो, तो खाऊ नका.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक. आयाम ५ सेंटीमीटर, आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ) २ सेकंद, मध्यापासून पाव सेकंदानं विस्थापन किती? मध्यापासून टोकाला जायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे त्याच्या निम्म्या वेळात निम्मं अंतर, २.५, असं पोरं ठोकून देतात. उत्तर आहे ३.५४, कारण मध्याजवळ वेग जास्त असतो, २.५ तर साधारण ०.१७ सेकंदातच पार होतं. आणि उत्तर ०.०७ असलं काहीतरी आलं तर डोकं खाजवत बसू नका, कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिलाय, रेडियनला घ्या.

प्रॅक्टिकलला तर मजाच असते. लंबक सोडला की लगेच "एक" म्हणायचं आणि "वीस"ला स्टॉपवॉच बंद, म्हणजे दोलनं झाली १९ आणि भागलं २०नं, मग त्यावरून काढलेला जी (गुरुत्व त्वरण) ९.८ च्या जागी १०.८ च्या पुढं जातो आणि दोष दोऱ्याला. सुरुवात "शून्य"नं करा. वेळ मध्यातून जाताना सुरू करा, टोकाला लंबक रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला गेलं की एक दोलन धरणारे पण असतात, त्यांचा जी चौपट, ३९ च्या घरात येतो, तो बघून तरी थांबायला पाहिजे की!

कोन लहान ठेवा. जड गोळा लावला म्हणून आवर्तकाल बदलत नाही, त्याच्या फॉर्म्युल्यात, टू पाय रूट एल बाय जी मध्ये, वस्तुमान आहेच कुठं? एल, म्हणजे लंबकाची लांबी, मात्र गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हुकापर्यंत नाही. ते विसरलं आणि लांबी बदलून बरीच रीडिंग घेतलेली असतील तर घाबरू नका, एल विरुद्ध टी स्क्वेअरचा (टी म्हणजे आवर्तकाल) ग्राफ काढा, रेघ ओरिजिनमधून जाणार नाही खरं स्लोप बरोबर येतोय, आणि जी त्या स्लोपवरूनच काढायचा असतो.