सभागृहाचा शब्द कागदावर उतरवताना

सभागृहात दोन सदस्यांची जुंपते. एक म्हणतो, ‘मी असं बोललोच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘बोललात.’ मग अध्यक्ष सांगतात, ‘मी रेकॉर्ड तपासून पाहीन.’ हे रेकॉर्ड म्हणजे खाली मधल्या टेबलापाशी बसलेल्या प्रतिवेदकानं, म्हणजे सभागृहातलं बोलणं लघुलिपीत शब्दशः उतरवून घेणाऱ्या माझ्यासारख्या कर्मचाऱ्यानं, थोड्या वेळापूर्वी वहीत उतरवलेल्या रेषा. माझ्या पाळीत हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा छातीत धस्स झालं होतं. आजही ते ऐकलं की मी वहीवरचा हात जरा घट्ट करते.

या कामात यायचं म्हणणारी मुलं-मुली आधी वेग विचारतात. राज्य शासनात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचा, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांचा वेग लागतो. परीक्षेतलं डिक्टेशन एका लयीत चालतं, सभागृह तसं चालत नाही. एखादे ज्येष्ठ सदस्य इतके सावकाश बोलतात की वही कोरी राहील असं वाटतं, आणि त्यांना कोणी मध्येच टोकलं की पुढची दोन मिनिटं १२० चा वेग कुठल्या कुठे मागे पडतो. म्हणून वेग हवाच, पण त्याहून जास्त हवा तो धीर. एक वाक्य सुटलं तर तेवढी जागा मोकळी सोडून पुढचं घ्यायचं. सुटलेल्याचा विचार करत बसलात की आणखी तीन वाक्यं जातात.

पिटमन या लघुलेखनाच्या पद्धतीत उच्चारांसाठी छोटी चिन्हं असतात, आणि त्यात स्वर गाळले की हात पळतो. मराठीत यातला धोका मला शिकवणीत कोणी पुरेसा बजावून सांगितला नव्हता. ‘मान्य’ आणि ‘अमान्य’, ‘शक्य’ आणि ‘अशक्य’, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’: एक ‘अ’ राहिला की मंत्र्यांचं उत्तर उलटं होतं. बाकीचे स्वर खुशाल गाळा, सुरुवातीचा ‘अ’ मात्र कधीही गाळू नका.

आकड्यांचं तेच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे गोंधळात एकसारखेच ऐकू येतात. सुरुवातीच्या काळात मी ‘एकोणसत्तर गावं’ ऐकून ‘एकोणसाठ’ लिहिली. ध्वनिमुद्रण लावल्यावर वरिष्ठ बाईंनी चूक पकडली. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘अगं, दहा गावं गेली.’ त्या दिवसापासून आकडा ऐकला की मी तो चिन्हात न लिहिता थेट अंकात लिहिते.

पाळीला आमच्यात ‘टर्न’ म्हणतात. टर्न मोजक्या मिनिटांची असते, पण त्या मिनिटांचं टंकलेखन, ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहणं, नावं-गावं तपासणं यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. आपली टर्न सुरू होण्याच्या थोडं आधीच जाऊन बसा. कोण बोलतंय, विषय काय, तारांकित प्रश्न चाललाय की लक्षवेधी, हे कळल्याशिवाय पहिलं वाक्य घेता येत नाही. आधीच्या सहकाऱ्याचं शेवटचं वाक्य आणि तुमचं पहिलं वाक्य जुळलंच पाहिजे. तिथे फट पडली तर ती दोघांचीही चूक.

सदस्यांचे चेहरे, आवाज आणि जागा पाठ करा. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य. ध्वनिमुद्रणात आवाज मिळतो, पण चार जण एकदम उठले तर कोण काय बोललं ते डोळ्यांनीच टिपावं लागतं. यंत्राला अजून हे नीट जमत नाही, म्हणून वही घेऊन माणूस तिथे बसतो. आणखी एक: विधानसभेत ‘अध्यक्ष महोदय’, परिषदेत ‘सभापती महोदय’. दोन्ही सभागृहांत टर्न असतील तर सवयीनं हात चुकतो.

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे सुधारायचं किती? कर्ता-क्रियापदाचा मेळ चुकला, वाक्य अर्धवट राहिलं, तर ते सावरून घ्यायचं. मत, आकडा किंवा आरोप यांना हात लावायचा नाही. सदस्य वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणानं बोलले आणि तुम्ही ते पुस्तकी करून टाकलंत, तर त्या माणसाचा आवाजच गेला, असं मला वाटतं. यावर आमच्यात मतभेद आहेत, पण मी शक्य तिथे ते वळण राखते. अभंग किंवा श्लोक आला की मूळ पाठ ग्रंथालयात पाहूनच लिहा. सदस्य घाईत एखादा शब्द बदलून म्हणतात, आणि पाठ आहे असं वाटणारा अभंग आपल्यालाही पुष्कळदा पाठ नसतो.

‘हे कामकाजातून काढून टाकण्यात यावं’ असा आदेश झाला की तेवढा भाग छापील कार्यवाहीत येत नाही. तो कुठून कुठपर्यंत, हे आदेशाच्या शब्दांवरून ठरवायचं, अंदाजानं नाही. शंका आली तर विचारा. काय ठेवायचं आणि काय काढायचं या सीमेचं वजन किती, ते १९५७ सालच्या एका प्रकरणावरून कळतं. बिहार विधानसभेत काढून टाकलेलं भाषण पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकानं छापलं, विशेषाधिकार भंगाची कारवाई सुरू झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सभागृहाचा विशेषाधिकार उचलून धरला. म्हणून ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असं लिहिलेला कागद टेबलावर उघडा टाकून कुठे जाऊ नका, आणि त्यातली गोष्ट घरीही सांगू नका.

अधिवेशन नसतानाही काम असतं: समित्यांच्या बैठका, साक्षी. हिवाळी अधिवेशन नागपूरला, म्हणजे घर सोडून जाण्याची तयारी ठेवा. कामकाज रात्री उशिरापर्यंत चाललं तर घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

सराव करायचा तर सभागृहाच्या चर्चेचं ध्वनिमुद्रण घ्या, बातम्यांचं नको. दहा मिनिटं न थांबवता लिहा. ती वही दुसऱ्या दिवशी सकाळी, ध्वनिमुद्रण न लावता, वाचून टाइप करा. जिथे अडाल तिथे लाल खूण करा आणि तेवढीच चिन्हं संध्याकाळपर्यंत घोटा. मी अजूनही अधिवेशनाआधी आठवडाभर हेच करते.