चिक बसवायचाय? आधी बेस ऐका

चिक म्हणजे न्यूयॉर्कचा डिस्को बँड, त्याची गाणी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ही पहिली सूचना, आणि निम्मी पोरं इथंच गळतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाइलचा तो चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. मग पोरगं तालमीला येऊन सांगतं, "आण्णा, गाण्यात कायबी नाही, नुसतं टिकटिक हाय." टिकटिक नाही रे बाबा, तू अर्धा बँड ऐकलेलाच नाहीस. साधे वायरवाले इअरफोन चालतील. डॉल्बीवरही ऐकू नका. मिरवणुकीत महाद्वार रोडवर छातीत जो दणका बसतो, त्यात सूर कुठला हे डॉल्बीवाल्याला विचारलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढेल.

मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नं, जत्रा, गणपती, नवरात्र, पतसंस्थेचा वर्धापनदिन, जे येईल ते. डिस्को म्हटलं की आमच्याकडं 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं, नाहीतर मिथुन. ते वाजवायचंच, त्याच्यावर घर चालतं. पण ऱ्हिदम सेक्शनचं, म्हणजे ताल धरणाऱ्या गिटार-बेस-ड्रमचं, काम नेमकं काय असतं हे शिकायचं असेल, तर न्यूयॉर्कच्या या एका बँडच्या मागं लागा. अर्थ विंड अँड फायर, कूल अँड द गँग हेही थोरच, पण त्यांच्यामागं ब्रासची फौज असते. आपल्याला लग्नसराईत एक ट्रम्पेटवाला मोकळा सापडला तरी नशीब. चिकमध्ये गायिका होत्या, व्हायोलिनवाले होते, पण गाभा तिघांचा: गिटारवर नाइल रॉजर्स, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स, ड्रमवर टोनी थॉम्पसन. तीन माणसं आपल्याकडं जमतात.

ऐकायला पहिल्या रेकॉर्डपासून बसू नका. मधनंच शिरा: १९७९ सालचं 'गुड टाइम्स'. त्यातही रेडिओसाठी कापलेलं नको, अल्बमवरचं आठ मिनिटांचं घ्या. मध्यावर एक जागा येते. सगळे गप्प होतात, बेस आणि ड्रम तेवढे उरतात, मग एकेक वाद्य परत आत येतं. तेवढाच तुकडा लावून ठेवा. पहिल्या खेपेला फक्त बेस ऐकायचा, गिटारकडं लक्षच द्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला फक्त गिटार. तिसऱ्या खेपेला कोण कधी गप्प बसतं ते बघायचं. सगळ्यात जास्त वेळ या तिसऱ्या खेपेला द्या.

आता बेस हातात घ्या. खरं तर लगेच घेऊ नका, आधी तोंडानं म्हणा. कॉर्ड दोनच आहेत, ई मायनर सेव्हन आणि ए. पहिल्या मात्रेला ई, दुसरीला ई, तिसरीला ई. तीन ठाम पावलं. त्यानंतर जरा हवा, आणि मग छोटी चढण घेऊन ए कडं. ही हवा पोरांना सहन होत नाही. हमखास तिथं काहीतरी भरतात, नाहीतर चौथ्या मात्रेला आणखी एक ई ठोकून मोकळे होतात. नाचणाऱ्याचा पाय त्या मोकळ्या जागेतच उचलला जातो. ती भरली की गाणं जागच्या जागी बसतं. मेट्रोनोम (ठरल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र) ८० वर ठेवून सुरू करा. मूळ गाणं मिनिटाला साधारण ११० ठोक्यांनी चालतं, तिथवर सावकाश या. आपल्या ऑर्केस्ट्रात सगळं पळवायची सवय आहे, त्यामुळं ११० ला आमच्या पोरांना झोप येते. येऊ दे. मग क्वीन या रॉक बँडचं १९८० सालचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लावा आणि बेसचे पहिले तीन ठोके ओळखा. ओळखू आले म्हणजे कान तयार झाला.

गिटारवाल्याला शिकवताना मी गिटारपासून सुरुवात करत नाही, त्याला हलगी ऐकायला धाडतो. खासबागेत किंवा एखाद्या गावच्या मैदानात कुस्ती लागते तेव्हा उजव्या हातातल्या टिपरूचा कडकडाट सगळ्यांना ऐकू येतो. डाव्या हातातली बारीक काडी मात्र मधल्या जागा न थांबता विणत असते, तिच्याकडं कुणी बघतही नाही. नाइल रॉजर्सचा उजवा हात ही काडी आहे. एका मात्रेचे चार भाग, म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनात सोळा. मनगट खाली-वर, खाली-वर, सोळाच्या सोळा वेळा फिरतं, सूर वाजो न वाजो. सूर कधी बोलायचा हे डावा हात ठरवतो. बोटं क्षणभर दाबली की कॉर्ड वाजते, ढिली केली की नुसतं 'चक'. ढिली करायची म्हणजे तारेवरून उचलायची नाहीत, टेकलेलीच ठेवायची. उचललीत तर मोकळी तार किंकाळते. वरच्या तीन-चार बारीक तारा पुरेत, जाड तारा बेसवाल्याच्या, तिकडं हात नेऊ नका. गंमत म्हणजे नाइल मुळात जॅझकडचा माणूस, हे 'चक' वाजवायला त्याला बर्नार्डनंच शिकवलं. म्हणजे या गिटारचा गुरू बेसवाला, हे मी आमच्या गिटारवाल्याला दर आठवड्याला ऐकवतो.

पेडलबोर्डवरचं डिस्टॉर्शन (आवाज फाटवणारं) बंद. डिलेही (आवाज घुमवणारा) बंद. स्ट्रॅटोकास्टर ढंगाची गिटार असेल तर उत्तम, नाइलकडं पांढरी होती, 'हिटमेकर' नावानं प्रसिद्ध झालेली. नसेल तर जी आहे तिचा स्वच्छ, पातळ आवाज काढा. थोडा कंप्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारा) चालेल.

ड्रमचं थोडक्यात सांगतो. किक (पायाचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (काडीनं वाजणारा कडक ड्रम) दुसऱ्या-चौथ्यावर, आणि हातात संयम. टोनी थॉम्पसन हलक्या हाताचा होता असं समजू नका. १९८५ च्या लाइव्ह एड या कार्यक्रमाला लेड झेपेलिन या दणदणीत रॉक बँडच्या मागं बसला होता तो. तरी इथं रोल मोजून मापून. आमचा ऑक्टोपॅडवाला मुळात ढोलकीचा, दर ओळीच्या शेवटी तिहाई घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात घालायला लावा. नाहीतर तो सवयीनं बेस वाजवणार, आणि दोन बेस एकमेकांच्या अंगावर येणार.

एवढं हाताला बसलं की मग कारकीर्द क्रमानं ऐका, आता ती कळेल. हे लोक मूळचे आपल्यासारखेच, दुसऱ्याच्या मागं वाजवणारे. नाइल अपोलो थिएटरच्या बँडमध्ये होता. तो आणि बर्नार्ड बिग ॲपल बँड नावानं गायकांना साथ करायचे. १९७६ ला वॉल्टर मर्फीचं गाणं त्याच नावाच्या बँडसह गाजलं आणि यांना नाव बदलावं लागलं. म्हणून बॅनर छापायच्या आधी चौकशी करा. आमच्या जिल्ह्यात 'स्वर'नं सुरू होणारे ऑर्केस्ट्रे किती आहेत हे देवालाच ठाऊक.

१९७७ ची 'एव्हरीबडी डान्स' बर्नार्डच्या उजव्या हातासाठी ऐका. मग १९७८ ची 'ल फ्रीक'. तिची हकिकत अशी: १९७७ च्या ३१ डिसेंबरला गायिका ग्रेस जोन्सनं या दोघांना न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या नाइटक्लबमध्ये बोलावलं आणि दारवानानं आत सोडलं नाही. घरी येऊन चिडून वाजवत बसले आणि दारवानाला घातलेल्या शिवीचंच ध्रुवपद झालं. मग शिवी बदलली, गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. दारात अडवल्यावर तोंडातून पहिला शब्द कुठला निघतो हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. फक्त आपण शिवीपाशी थांबतो, त्यांनी चाल बांधली.

१२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोचा राग म्हणून डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग घालून स्फोटानं उडवला. ऑगस्टमध्ये 'गुड टाइम्स' पहिल्या नंबरावर होतं, आणि त्यानंतर चिकच्या नावावर तसं यश पुन्हा आलं नाही. इथं बरेच जण ऐकायचं थांबवतात. तुम्ही थांबू नका, उलट इथनं पुढं कान टवकारा, कारण बँडचं नाव मागं पडलं तरी हात चालूच राहिले. सिस्टर स्लेजची 'वी आर फॅमिली' १९७९ ची, त्या स्फोटाच्या थोडी आधीची, डायना रॉसची 'अपसाइड डाउन' १९८० ची, दोन्ही या जोडीनं लिहिलेल्या आणि बसवलेल्या. चिक १९८३ ला फुटला. त्याच साली नाइलनं डेव्हिड बोवीची 'लेट्स डान्स' केली, १९८४ ला मॅडोनाची 'लाइक अ व्हर्जिन'. एकामागं एक लावा आणि गायकाकडं दुर्लक्ष करून मागची घडण ऐका.

डॉल्बी आल्यापासून ऑर्केस्ट्राच्या तारखा कमी झाल्या म्हणून आमचे लोक कट्ट्यावर रडत बसतात, त्यांच्यासाठी मी हा भाग मुद्दाम लांबवतो. ज्याचा ऱ्हिदम पक्का आहे त्याला भक्तिगीतांच्या रेकॉर्डिंगला, डान्स ॲकॅडमीच्या कार्यक्रमाला, नव्या गायकाच्या मागं, कुठंही बोलावणं येतं. मात्र हिशेब आधी ठरवा. १९७९ लाच शुगरहिल गँग या रॅप गटानं 'गुड टाइम्स'च्या चालीवर 'रॅपर्स डिलाइट' काढली, तेव्हा नाइल आणि बर्नार्डनं हक्क सांगितला आणि लेखक म्हणून आपली नावं लावून घेतली. मी एका अल्बमला बेस वाजवला, चालीतली दोन वळणंही माझी, हातात पाकीट मिळालं आणि नामावलीत माझ्या जागी चहा-नाष्टा सौजन्य होतं. तेव्हापासून काम धरतानाच नामावलीत नाव कुठं येणार ते कागदावर लिहून घेतो. तुम्हीही घ्या.

बर्नार्ड १८ एप्रिल १९९६ ला टोकियोत गेला, तिथल्या बुडोकान सभागृहातला कार्यक्रम वाजवून झाल्यावर न्यूमोनियानं. टोनी २००३ ला गेला. नाइल अजून चिक घेऊन फिरतो. २०१३ ची डाफ्ट पंकची 'गेट लकी' ऐका, तोच उजवा हात.

आता स्टेज. साउंडवाल्याला कार्यक्रमाआधी भेटा, चहा पाजा, आणि सबवूफर आवरायला सांगा. त्याचा हात सवयीनं ६० हर्ट्झवर जातो. तिथून थोडं काढून ७००-८०० च्या आसपास थोडं चढवलं की बेसचे सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत वेगवेगळे ऐकू येतात.

आणि 'आता सादर करतोय एक इंग्लिश गाणं' असं निवेदकाला चुकूनही बोलू देऊ नका. अर्धा मांडव उठून जेवणाच्या पंगतीकडं जातो. आमची युक्ती अशी: वादकांची ओळख करून द्यायची वेळ आली की गाजावाजा न करता ती दोन कॉर्डची चाल खाली सुरू करायची. निवेदकाला बोलायला कितीही वेळ लागू दे, चाल संपत नाही. ज्याचं नाव घेतलं त्यानं चार आवर्तनं वाजवायची, बाकीच्यांनी दबून राहायचं. पुढच्या रांगेतल्या काकवा कधी पाय हलवायला लागल्या ते त्यांनाही कळत नाही.

शेवट आधी ठरवून ठेवा. रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, स्टेजवर विरलं तर लाइट गेली असं वाटतं. निवेदकानं शेवटचं नाव घेतलं की बेसवाल्यानं गिटारची मान वर उचलायची, पुढच्या आवर्तनाला सगळ्यांनी मिळून ई, ई, ई, आणि चौथ्या मात्रेला ऑक्टोपॅडवाल्याचे दोन्ही हात हवेत पाहिजेत. आमच्याकडं ते तेवढ्यासाठी की-बोर्डवाला धरून ठेवतो.